नाटक कंपनीची जन्मतारीख: ऐन हंगामात बंद पडलेल्या एका खात्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

सरकारी कागदावर देसाईगंज, रेल्वे स्टेशनच्या पाटीवर वडसा. गडचिरोली जिल्ह्यातले हे गाव झाडीपट्टी, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाच्या धानपट्ट्यातल्या, नाटकांच्या बुकिंगची बाजारपेठ आहे. दिवाळी आली की इथे नाटक कंपन्यांची ऑफिसे उघडतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या गावांची मंडळे मंडईसाठी (दिवाळीनंतरची गावजत्रा), शंकरपटासाठी (बैलांच्या शर्यती) तारीख धरायला येतात. भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगावी रात्री पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या बऱ्याच लोकांना ही रंगभूमी माहीत झाली. आमच्याकडे मात्र धान घरात आले की नाटक लागणारच.

मी वडसा-ब्रह्मपुरीच्या टापूतल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. लोक त्याला 'ऑनलाइनचं दुकान' म्हणतात. सातबारा, धानाची नोंदणी, पीएम किसानची केवायसी ही माझी रोजची कामे. बंद पडलेली खाती सुरू करून देणे हे काही माझे काम नव्हते, पण हे प्रकरण माझ्याच टेबलावर आले. ज्या कंपनीचे ते आहे तिच्या परवानगीने लिहितो आहे. नावे, गाव आणि ओळख पटेल असे बारकावे गाळले आहेत. खाते ज्या माध्यमावर होते त्याचेही नाव देत नाही. रील आणि फोटो टाकायचे, सगळ्यांना ठाऊक असलेले माध्यम आहे, एवढे पुरे.

कंपनी मध्यम आकाराची. मालक पन्नाशी ओलांडलेले, स्वतः जुने खलनायक. पहिला प्रयोग २०१२ च्या भाऊबीजेला, १५ नोव्हेंबरला झाला. खाते उघडले ते बऱ्याच वर्षांनी, तेव्हाच्या मॅनेजरने. खात्याला ईमेल त्याचा आणि मोबाइल नंबर ऑर्गन वाजवणाऱ्याचा, कारण त्या दिवशी ऑफिसात चार्जिंग असलेला फोन त्याचाच होता. पुढे मॅनेजर दुसऱ्या कंपनीत गेला आणि खाते मालकांच्या पुतण्याकडे आले. पोराने मेहनत घेतली. खलनायकाची एंट्री, लावणीचा तुकडा, प्रयोगाआधी रंगपट उभा राहतानाची धावपळ, असे रोज काहीतरी टाकून तीसेक हजार फॉलोअर जमवले. मंडळांचे लोक रील बघून तिथेच मेसेज टाकत आणि तारखेची बोलणी तिथेच होत. मालकांची कापडी बांधणीची वही होतीच, पण तिच्यात नोंद व्हायची ती पक्क्या झालेल्या तारखेची. चालू असलेली बोलणी सगळी खात्यात.

काय झाले

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार, दसऱ्याचा दुसरा दिवस. संध्याकाळी पुतण्याने फोन उघडला तर खाते निलंबित. अपिलासाठी १८० दिवस उरले आहेत, असे पडद्यावर लिहिलेले. माध्यमवाल्यांच्या हिशेबाने ही मुदत मोठी असेल. झाडीपट्टीचा अख्खा हंगाम तेवढ्या दिवसांत संपून जातो.

त्याने त्याच रात्री अपील केले. आपले स्वतःचे ओळखपत्र जोडले आणि कारण लिहिले की स्पर्धक कंपनीने खोट्या तक्रारी करून खाते पाडले. १५ तारखेला नकार आला. त्याच दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली, त्यामुळे रात्रीच्या परवानग्यांचे काय होणार याची काळजी मालकांना वेगळीच होती.

मालक माझ्याकडे आले ते १८ तारखेला. "भाऊ, आमचा पेजच उडाला ना. पंधरा दिवसांवर भाऊबीज आली, आता का करू?"

मधल्या तीन दिवसांत आणखी एक गोष्ट घडली होती, ती मला दोन दिवस उशिरा कळली. पुतण्याने दुसऱ्या एका ठिकाणी 'मदत हवी' म्हणून लिहिले होते. दहा मिनिटांत पाच-सहा जणांनी 'खाते परत आणून देतो' म्हणत गाठले. त्यातल्या एकाने आठ हजार सांगितले आणि दोन हजार आधी मागितले. पोराने यूपीआयने पाठवले. मग समोरच्याने मोबाइलवर येणारा सहा आकडी कोड मागितला. तो कोड जायचा ऑर्गनवाल्याच्या फोनवर, आणि ऑर्गनवाला आरमोरीला तालमीत, फोन बंद ठेवून. त्यामुळे कोड देता आला नाही. नंबर दुसऱ्याच्या नावावर असण्याचा फायदा या सगळ्या प्रकरणात एवढा एकदाच झाला.

दोष कुणाचा, यावर तीन तर्क

मालकांना खात्री होती की हे स्पर्धकाचेच काम. मागच्या हंगामात एका गावच्या तारखेवरून दोघांची बोलाचाली झाली होती. पोलीस ठाण्यात जायचे म्हणून त्यांनी माझ्याकडून अर्जसुद्धा टाइप करायला सांगितला. पुतण्याला वाटत होते की लावणीच्या रीलमागे सिनेमातले गाणे होते, त्याच्या हक्काची भानगड असेल. मला स्वतःला वाटले की खाते कुणीतरी हॅक करून त्यावरून भलतेच काही टाकले असावे.

तिघेही चुकलो होतो. आणि तिघांपैकी एकानेही माध्यमवाल्यांची मूळ सूचना धड वाचलेली नव्हती. पडद्यावर होते ते मोघम वाक्य. सविस्तर कारण गेले होते ईमेलवर, आणि ईमेल होता जुन्या मॅनेजरचा.

इथे पहिला खरा निर्णय करायचा होता. मालक त्या मॅनेजरशी बोलत नव्हते. "त्याच्या दारात मी नाही जाणार." मी म्हणालो, अर्ज नंतर टाइप करू, आधी कारण कळू दे. पोलिसांकडे आज कारणाशिवाय गेलो आणि उद्या कारण भलतेच निघाले, तर ज्याच्यावर बोट ठेवले त्याच्याशी पुढचे दहा हंगाम याच बाजारात उभे राहायचे आहे. मालक गप्प झाले. हो म्हणाले नाहीत, पण रविवारी मोटारसायकलवर माझ्या मागे बसले.

वडसा स्टँडजवळच्या टपरीवर मॅनेजर भेटला. चहा होईपर्यंत कोणी मुद्द्यावर आले नाही. मग त्याने स्वतःच फोन पुढे केला. "मेल मलेच आला होता जी. पन मी आता दुसऱ्या कंपनीत. सांगितलो असतो तं वाटला असता, यानंच केला."

मेलमध्ये स्पष्ट लिहिले होते: या खात्याच्या वापरकर्त्याचे वय तेरापेक्षा कमी असल्याचे दिसते.

परत आल्यावर पुतण्याला विचारले, रविवारी खाते बंद पडायच्या आधी शेवटचे काय केले होते. "मी काही नाही केलो जी." पुन्हा विचारले. मग आठवले. अॅपने जन्मतारीख मागितली होती. खाते कंपनीच्या नावाचे, म्हणून त्याने कंपनीची तारीख टाकली: १५ नोव्हेंबर २०१२. संगणकाच्या लेखी हे खाते चालवणारा अकरा वर्षे दहा महिन्यांचा पोरगा ठरला.

तेरा वर्षांची अट बहुतेक मोठ्या माध्यमांवर आहे. मुलांची माहिती गोळा करण्यावर बंधन घालणारा अमेरिकेतला १९९८ चा कायदा तिच्या मुळाशी आहे. खाते दुकानाचे असो की देवळाचे, तारीख ते चालवणाऱ्या माणसाची टाकायची, असे त्या पडद्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते. पण हे आपल्याला सुचत नाही, यात मला नवल वाटत नाही. आपल्याकडे मंडळाचा, शाळेचा, पतसंस्थेचा सगळ्यांचा वाढदिवस होतो.

समोरचे पर्याय

नवीन खाते उघडणे हा सगळ्यात सोपा पर्याय, आणि पुतण्या त्यासाठी उतावीळ झाला होता. मी अडवले. निलंबित खात्याच्या जागी लगेच दुसरे उघडले तर नियम चुकवतो आहे असा अर्थ निघू शकतो आणि तेही जाऊ शकते. शिवाय जुन्यातली बोलणी, मंडळांचे नंबर नव्यात येणार नव्हते. तरी आज विचार करता वाटते की माझा नकार जरा जास्तच ताठर होता. त्याबद्दल पुढे.

दलालाला उरलेले सहा हजार देणे हा पर्याय मालकांनी मांडला होता. "काम होत असन तं देऊन टाकू." कोणत्याही माध्यमाची आतली किल्ली बाहेरच्या माणसाकडे नसते. त्याला कोड हवा होता म्हणजे खातेच हवे होते. हे समजवायला मला अर्धा तास लागला. आमच्याकडे प्रत्येक कचेरीबाहेर काम करून देणारा माणूस बसलेला असतो, मग इथेही असणारच, हा त्यांचा तर्क अनुभवातून आलेला होता.

अपील पुन्हा करता येत नव्हते. नकार आल्यावर ते बटणच दिसेनासे झाले होते.

उरला तक्रार अधिकाऱ्याचा रस्ता. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे प्रत्येक माध्यमाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव-पत्ता जाहीर करावा लागतो. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमाचा तक्रार अधिकारी भारतातच राहणारा असावा लागतो. आम्ही तक्रार केली तेव्हाच्या नियमांत २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत होती. तिथेही समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येते. २०२२ च्या दुरुस्तीने आलेल्या या समित्या मार्च २०२३ पासून चालू आहेत आणि त्यांचे काम ऑनलाइनच होते. वकील लागत नाही, दिल्लीला जावे लागत नाही. ही माहिती माझ्या दुकानाच्या भिंतीवर असायला हवी होती. तिथे रेशनकार्डाचे दर लावलेले होते.

काय केले

सोमवारी, २१ ऑक्टोबरला तक्रार पाठवली. पाठवण्याआधी मालकांशी थोडा वाद झाला. त्यांना तक्रारीत कंपनीचा इतिहास हवा होता: किती प्रयोग केले, कोणत्या आमदारांनी सत्कार केला, किती कलावंतांची चूल या खात्यावर पेटते. सगळे खरेच. पण वाचणाऱ्याला ठरवायचे होते ते एवढेच की खाते चालवणारा माणूस तेरा वर्षांच्या वर आहे की नाही. शेवटी इंग्रजीत जो मजकूर गेला त्याचा मराठी आशय असा:

"हे खाते एका नाटक कंपनीचे आहे. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी जन्मतारीख विचारली असता आमच्याकडून चुकून कंपनीच्या स्थापनेची तारीख भरली गेली. खाते चालवणारी व्यक्ती प्रौढ आहे. १५ ऑक्टोबरला आमचे अपील नाकारले गेले. त्यात आम्ही कारण चुकीचे लिहिले होते. वयाचा पुरावा देण्यास आम्ही तयार आहोत. तो कोठे व कसा सादर करावा ते कळवावे."

सोबत तीन गोष्टी जोडल्या: निलंबनाच्या पडद्याचा फोटो, मॅनेजरला आलेला मेल आणि कंपनीच्या नोंदणीचा कागद, ज्यावर मालकांचे आणि कंपनीचे नाव एकत्र होते. खात्याचे नाव एक आणि ओळखपत्रावरचे दुसरे, हा सांधा तो कागद जोडत होता. पहिल्या अपिलात नेमका तोच नव्हता.

'आमच्याकडून चुकून' हे शब्द मालकांना खटकले. चूक कबूल केली तर पकडले जाऊ, ही भीती त्यामागे. माझे म्हणणे होते की चूक लपवली तर तारखेचा खुलासाच करता येणार नाही.

पोच दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

मग वाट बघणे. या दिवसांत पुतण्याकडून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करवला. दोन हजार गेल्याला तोवर सहा दिवस झाले होते. तक्रारीचा क्रमांक मिळाला, पैसे मिळाले नाहीत. पहिल्या काही तासांत फोन केला असता तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

बुकिंगसाठी मालकांनी जुना रस्ता धरला. वही काढली, मागच्या तीन हंगामांतली मंडळे शोधली आणि स्वतः एकेकाला फोन लावला. कलावंतांनी आपापल्या व्हॉट्सअॅपवर तारखांचा तक्ता फिरवला. लाखांदूर, पवनी, सिंदेवाहीकडे बॅनर गेले. कित्येक मंडळांनी सांगितले, "तुमचा पेज दिसला नाही, आम्हाले वाटलं कंपनी बंद पडली."

१ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, तक्रार अधिकाऱ्याकडून उत्तर आले. वयाची पडताळणी करण्यासाठी वेगळा फॉर्म होता, त्याचा दुवा दिला होता. दुसऱ्या दिवशी मालकांचे आधार जोडून तो भरला. आधारचे आठ आकडे झाकलेली प्रत वापरली, ते बरेच केले. पण आधार जुने, त्यावर पूर्ण तारीख नव्हती, फक्त 'जन्म वर्ष: १९७१'. ४ तारखेला नकार आला. कारण दिलेले नव्हते. पूर्ण तारीख नसल्यानेच असावे, असा माझा अंदाज. मधे भाऊबीज होऊन गेली. हंगामाचा पहिला प्रयोग झाला आणि त्याचे एकही रील कुठे लागले नाही.

मालकांच्या पॅनकार्डावर दिवस, महिना, वर्ष सगळे होते. ५ तारखेला ते लावले. फॉर्मने दिलेला कोड कागदावर हाताने लिहून, तो कागद छातीशी धरून मालकांचा फोटो काढला. चाळीस वर्षे रंगमंचावर काढलेल्या माणसाला त्या फोटोसाठी सात वेळा उभे करावे लागले. दर वेळी चेहऱ्यावर खलनायक यायचा.

निकाल

९ नोव्हेंबरला खाते उघडले. २७ दिवस बंद होते. रील, मेसेज, फॉलोअर जागच्या जागी. मेसेजमध्ये नव्या-जुन्या मिळून अकरा मंडळांची बोलणी अडकलेली होती. त्यातल्या चार मंडळांनी तोवर दुसरी कंपनी धरली होती.

मालकांच्या वहीत आदल्या वर्षी भाऊबीजेपर्यंत ३१ तारखा पक्क्या होत्या, २०२४ ला १९. हा सगळा फरक खात्याच्या माथी मारता येणार नाही. २० नोव्हेंबरच्या मतदानामुळे बऱ्याच गावांनी प्रयोग डिसेंबरवर ढकलले, आणि होळी येईपर्यंत आकडा बराच सावरला. मालक मात्र आजही बारा तारखा खात्यानेच गेल्या असे सांगतात.

तक्रार अपील समितीसाठी मी मसुदा करून ठेवला होता. तो तसाच माझ्या संगणकात आहे.

पुन्हा वेळ आली तर काय वेगळे करू

पहिल्या दिवशीच विचारायला हवे होते की बंद पडण्याआधी शेवटचे काय केले. मी विचारले, कुणावर संशय आहे. तिथून दोन दिवस स्पर्धकाच्या मागे गेले. पोर घाबरलेले होते, काकांसमोर ते बोलणार नव्हते. त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारायचे, एवढे साधे मला सुचले नाही.

पहिले अपील वाया गेले हे सगळ्यात महाग पडले. रात्रीच्या रात्री, रागात, कारण न वाचता केले. १८० दिवस हातात होते. मेल मिळेपर्यंत तीन-चार दिवस थांबले असते तर बहुधा तक्रार अधिकाऱ्यापर्यंत जायची वेळच आली नसती.

नव्या खात्याबद्दल मी ताठर होतो, असे वर म्हटले. त्याच माध्यमावर नवे न उघडणे बरोबरच होते. पण दुसऱ्या एखाद्या माध्यमावर कंपनीचे खाते उघडून तिथे प्रयोगांचे तुकडे टाकायला काहीच हरकत नव्हती. 'नवीन नको' एवढेच मी ठासून सांगत राहिलो आणि भाऊबीजेचा तो पहिला प्रयोग कुठेच दिसला नाही. ही चूक माझी.

आता खात्याचा ईमेल कंपनीचा स्वतःचा आहे आणि त्याचा पासवर्ड मालकांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. मला ते पसंत नाही, पण ती वही ते कुणाच्या हातात देत नाहीत. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली. मेसेजमध्ये नवे मंडळ बोलले की पुतण्या त्याच दिवशी नंबर वहीत चढवतो. मोबाइल नंबर अजून ऑर्गनवाल्याचाच आहे. होळी झाल्यावर बदलू, असे ठरले होते. होळी होऊन गेली.

खात्यात आता मालकांची जन्मतारीख आहे, पॅनकार्डावरची: १ जुलै १९७१. ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. त्यांची आई सांगते, "धान चुरत होते तवा झाला हा." म्हणजे मळणीच्या दिवसांतला, दिवाळीनंतरचा केव्हातरी.